सूर्यघर अनुदानाचा अर्ज आत्ताच टाकून ठेवावा का? बिल वडिलांच्या नावावर, दुसरं घर अजून बांधकामात

कृष्णाकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. पीएम सूर्यघर योजनेबद्दल (घराच्या छतावर सोलर पॅनल बसवायला केंद्राचं अनुदान) विचारायचंय, दोन घरांसाठी.

पहिलं घर कराड तालुक्यात, गावात. आरसीसी स्लॅब, वर साधारण ६०० चौरस फूट गच्ची. जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी दक्षिणेच्या कोपऱ्यात, पूर्वेला शेजाऱ्यांचा नारळ. सिंगल फेज, मंजूर भार १ किलोवॅट. वापर हिवाळ्यात १८० युनिट, एप्रिल-मेमध्ये २६० पर्यंत. बिल वडिलांच्या नावावर येतं, ते हयात नाहीत. घरपट्टी आईच्या नावावर झालेली आहे.

दुसरं घर धाकट्या भावाचं, पुण्याजवळ. वरचा स्लॅब पडायचा आहे. तिथे बांधकामापुरतं तात्पुरतं मीटर घेतलेलं आहे.

एक वेंडर मागे लागलाय. त्याचं म्हणणं, आज १०,००० भरून बुकिंग करा, पोर्टलवर अर्ज पडला की ७८,००० फिक्स झाले, योजना मार्च २०२७ ला संपणार. त्याच्याकडे स्वस्तातले पॅनल तयार आहेत, ते आधी चढवू आणि कागदपत्रं मागाहून करू, असंही म्हणतो.

तर लवकर अर्ज टाकल्याने खरंच काही पदरात पडतं का? अर्ज कोणाच्या नावाने करायचा? २ किलोवॅट घ्यावं की ३? आणि भावाने आत्ता काय करावं?

---

सहीशिक्का

अर्जाने काहीही फिक्स होत नाही. अनुदान मिळतं ते यंत्रणा बसून, नेट मीटर (घरात आलेली आणि बाहेर गेलेली, दोन्ही वीज मोजणारं) लागून, महावितरणची तपासणी झाल्यावर. अर्ज म्हणजे रांगेत उभं राहणं, बस एवढंच. योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे हे खरं, म्हणून रांगेत वेळेवर उभं राहायला हवं हेही खरं. पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज टाकून "मी मुदतीत होतो" म्हणणाऱ्याच्या हाती काही लागेल, यावर भिस्त ठेवू नका. मीटर आणि तपासणी धरून निदान दोन-अडीच महिने हाताशी ठेवा.

"आधी पॅनल, मग कागद" हा सल्ला मात्र सरळ धुडकावून लावा. क्रम उलटा चालत नाही. आधी पोर्टलवर अर्ज, मग नोंदणीकृत वेंडरची निवड, त्याच्याशी ठरलेल्या नमुन्यातला करार, मग काम. आणि त्याचे "स्वस्तातले पॅनल" बहुधा डीसीआर (देशी बनावटीच्या अटीत बसणारे) नसणार. अनुदानाला पॅनलही भारतात बनलेलं हवं आणि आतला सेलही. परदेशी सेल आणून इथे जोडलेलं पॅनल स्वस्त पडतं, पण त्यावर अनुदान शून्य. ७८,००० घालवून पॅनलमागे थोडेफार पैसे वाचवण्यात काय अर्थ आहे?

आता नावाचं. अर्ज वीजबिलावरच्या नावानेच होतो. आधार त्याच नावाचं, बँक खातं त्याच नावाचं. वडील हयात नाहीत, म्हणजे आज तुम्ही अर्जच टाकू शकत नाही. टाकलात तरी शेवटच्या पायरीवर, बँक तपशिलापाशी, तो अडकणार. म्हणून तुमचं पहिलं काम सोलरचं नाहीच, बिलावरचं नाव बदलण्याचं आहे.

महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर नाव बदलाचा अर्ज होतो. सोबत मृत्यूचा दाखला, आईच्या नावाचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची चालू पावती, आईचं आधार, बाकीच्या वारसांचं संमतीपत्र. आधी थकबाकी शून्य करा. वीज नियामक आयोगाच्या नियमाप्रमाणे नाव बदल दुसऱ्या बिलिंग चक्रापर्यंत व्हायला हवा, म्हणजे दोन महिने धरून चाला. हे दोन महिने कोणी हिशोबात धरत नाही आणि मग मार्चमध्ये धावाधाव होते. लवकर करायचं काही असेल तर ते हे.

नाव बदलताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा. आईचं नाव बिलावर, आधारवर आणि पासबुकावर अक्षर न् अक्षर सारखं असू द्या. बिलावर "कदम एस. डी.", आधारवर "शकुंतला दत्तात्रय कदम" आणि पासबुकावर "शकुंतलाबाई कदम" अशी त्रिस्थळी यात्रा असली की पैसे परत फिरतात. नाव बदलाच्या अर्जातच आधारवरचं पूर्ण नाव इंग्रजी स्पेलिंगसकट टाका.

---

पैपैचा_हिशोब

आकडे आधी सरळ लावू, कारण वेंडर तोंडाला येईल ते "अनुदान" सांगतात.

पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३०,०००. तिसऱ्या किलोवॅटला १८,०००. एकूण जास्तीत जास्त ७८,०००. त्यापुढे ५ घ्या, १० घ्या, अनुदान ७८,०००च.

आता यातली गोम. क्षमता मोजताना पॅनलची बेरीज आणि इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारं यंत्र) यांपैकी जे कमी ते धरतात. ५४० वॅटचे ५ पॅनल आणि ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर असेल तर क्षमता २.७, म्हणजे ६०,००० + ०.७ × १८,००० = ७२,६००. पूर्ण ७८,००० हवे असतील तर तेच ६ पॅनल लागतात: ३.२४ विरुद्ध ३, कमी ते ३. "३ किलोवॅटचा प्लॅन्ट" असं कोटेशनवर लिहून ५ पॅनल टेकवणारे आहेत. कोटेशनवर पॅनलची संख्या, प्रत्येकाचे वॅट, कंपनी, मॉडेल आणि इन्व्हर्टरचे किलोवॅट हे वेगवेगळ्या ओळीत लिहून घ्या.

किती घ्यावं: महाराष्ट्रात १ किलोवॅटला महिन्याला सरासरी १२० युनिट धरतात. तुमचा वर्षाचा वापर सरासरी २२० ने २,६४० युनिट. २ किलोवॅट वर्षाला २,८८० देतं. म्हणजे २ पुरतं.

३ घेतलं तर ४,३०० च्या वर युनिट होतील, त्यातले दीड हजाराहून जास्त उरतील. ते कुठे जातात ते पाहा. नेट मीटरिंगमध्ये महिन्याचे जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात सरकतात, पण ३१ मार्चला पाटी पुसली जाते. उरलेल्या युनिटचे जे पैसे मिळतात ते तुम्ही बिलात मोजता त्या दरापेक्षा खूप कमी. आणि तारीख बघा कशी आहे: नोव्हेंबर ते मार्च ऊन चांगलं, पंखे बंद, शिल्लक वाढत जाते. ती ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर शून्य. एप्रिलमध्ये कूलर लागतो तेव्हा खात्यात काही नसतं. त्यामुळे "जास्तीची वीज विकून कमाई" हे घरगुती ग्राहकाने डोक्यातून काढून टाकावं.

माझं मत: ५४० चे ४ पॅनल, २.१६ किलोवॅट. इन्व्हर्टर २ चा घेतलात तर अनुदान ६०,०००, ३ चा घेतलात तर ६२,८८०.

आणखी एक. "शून्य बिल" ही जाहिरातीची भाषा. स्थिर आकार येतोच.

---

डीसी_साइड

पैपैचा_हिशोब यांचं गणित बरोबर आहे, पण निष्कर्षाशी सहमत नाही.  दोन वर्षांनी इंडक्शन, गीझर, एखादा एसी आला की २६० चे ३५० होतात. तेव्हा २ पॅनल वाढवायला नवीन अर्ज, स्ट्रक्चर पुन्हा, आणि त्यावेळी ५४० चे पॅनल बाजारात मिळतीलच असं नाही. एकाच स्ट्रिंगमध्ये (एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या माळेत) वेगळ्या करंटचे पॅनल लावले की सगळी स्ट्रिंग सर्वांत कमकुवत पॅनलच्या करंटवर येते. वापर वाढायची खात्री असेल तर आजच ६ पॅनल. घरात आईच एकट्या राहत असतील तर ४ ठीक.

४ पॅनल आणि ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर अशी जोडी लावणार असाल तर इन्व्हर्टरच्या डेटाशीटवर सुरू होण्याचं किमान व्होल्टेज बघा. ५४० वॅटचं पॅनल चालू स्थितीत साधारण ४१ व्होल्ट देतं, उन्हाळ्यात तापलं की त्याहून कमी. ४ पॅनलचे १५०-१६० धरा. काही इन्व्हर्टर तेवढ्यावर चालतात, काहींची एमपीपीटीची (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज खेचणाऱ्या भागाची) व्होल्टेज रेंज त्याच्या वर सुरू होते.

गच्चीबद्दल. ५४० चं एक पॅनल साधारण २.२८ × १.१३ मीटर, वजन २८ ते ३२ किलो. नुसते ६ पॅनल १६ चौरस मीटरच्या आत मावतात, पण पुसायला फिरायची वाट आणि सावलीचं अंतर धरून किलोवॅटला १०० चौरस फूट सोडा. ६०० फुटांत ३ किलोवॅट आरामात बसतो.

अडचण जागेची नाही, सावलीची आहे. तुमची टाकी आणि जिन्याची खोली दक्षिणेला, म्हणजे नेमकी नको त्या बाजूला. डिसेंबरमध्ये कराडच्या अक्षांशावर दुपारी १२ ला सूर्य ४९ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा १० फूट उंच खोलीची सावली उत्तरेकडे जवळजवळ ९ फूट पडते. सकाळी ९ ला आणि दुपारी ४ ला त्याच्या दुपटीहून लांब. पॅनल खोलीच्या उत्तरेला निदान १० फूट सोडून लावा किंवा स्ट्रक्चर उंच करा. नारळाची सावली सकाळी ८-९ पर्यंतच येत असेल तर सोडून द्या, पण झावळीची एक पट्टी १०-११ वाजेपर्यंत पॅनलवर फिरत असेल तर नुकसान दिसतं त्यापेक्षा मोठं असतं, कारण एक पॅनल झाकलं की त्या वेळेपुरतं अख्ख्या स्ट्रिंगचं उत्पादन खाली येतं. हिवाळ्यातल्या एका सकाळी ९, १२ आणि ३ ला गच्चीचे फोटो काढून ठेवा. वेंडरने पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी येऊन "सावली नाही" म्हटलं तर त्याला अर्थ नाही.

टाकी हलवता येते का तेही बघा. प्लंबरचे दोन हजार स्ट्रक्चर उंच करण्यापेक्षा स्वस्त पडतात.

---

कृष्णाकाठ

खूप माहिती मिळाली, आभार. आईसोबत मी आणि माझं कुटुंब राहतो, वापर वाढेल असंच वाटतं, म्हणून ३ कडे कल आहे. मंजूर भार १ च किलोवॅट आहे, तो आधी वाढवून घ्यावा लागेल का? त्याचा वेगळा अर्ज करायचा? आणि कर्ज घ्यायचं झालं तर कोणत्या टप्प्यावर?

---

सहीशिक्का

भारवाढीचा वेगळा अर्ज नको. वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची वाट बघावी लागत नाही, अर्ज परिपूर्ण असेल तर मान्य धरतात आणि लागेल तेवढा भार वीज कंपनीच वाढवते. ५ किलोवॅटपर्यंत त्यासाठी लाइन किंवा रोहित्राचं काही काम करावं लागलं तर तोही खर्च कंपनीचा. कोणी "डीपीवर जागा नाही, खर्च द्या" म्हणालं तर हे लक्षात असू द्या.

पोर्टलचा क्रम असा जातो. पत्ता गव्ह डॉट इन ने संपणाराच उघडा. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट भरपूर आहेत. राज्य, मग महावितरण, मग बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक. मोबाइल आईचा, निदान घरातला तरी. वेंडरच्या माणसाचा नंबर अजिबात देऊ नका, कारण पुढचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर जातात आणि तुमचा अर्ज त्याच्या खिशात जातो. वेंडर बदलायची वेळ आली की हात बांधलेले. नोंदणीला एक पैसाही लागत नाही.

अर्ज मान्य झाला की पोर्टलवरच्या यादीतून वेंडर निवडायचा. १०,००० आगाऊ देणं गैर नाही, पण करारावर सही झाल्यावर, खात्यातून, पावती घेऊन. करारात ५ वर्षांच्या देखभालीची जबाबदारी वेंडरची आहे, ती ओळ वाचून घ्या. इन्स्टॉलेशनचा तपशील पोर्टलवर भरला जाईपर्यंत वेंडर बदलणं त्यातल्या त्यात सोपं. त्यानंतर उपविभाग कार्यालयात खेटे.

कर्ज: पोर्टलवरचा अर्ज आधी, मग जनसमर्थ पोर्टलवर त्याच अर्ज क्रमांकाने कर्ज. ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांच्या आत तारण लागत नाही, व्याज रेपो दराला अर्धा टक्का जोडून. साधारण १० टक्के स्वतःचे घालावे लागतात. अर्जातले किलोवॅट आणि बँकेला दिलेल्या कोटेशनवरचे किलोवॅट एकच ठेवा; अर्जात ३ आणि कोटेशनवर ३.२४ लिहिलं म्हणून फाइल परत येऊ शकते. कोटेशनवर पॅनल ३.२४, इन्व्हर्टर ३, यंत्रणेची क्षमता ३ असं तिन्ही स्पष्ट लिहून घ्या. अनुदान आलं की ते कर्जात भरून टाका, दुसरीकडे वळवलंत तर हप्ते तसेच राहतात.

---

पैपैचा_हिशोब

किमतीत एक भर. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर पॅनल आणि साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. बसवण्याच्या कामासकट दिलेल्या कंत्राटात ७० टक्के रक्कम साहित्य आणि ३० टक्के सेवा धरतात, सेवेवर १८. म्हणजे एकूण ८.९ टक्के पडतो, पूर्वी १३.८ पडायचा. जुन्या दराचं कोटेशन अजून फिरवत असतील तर कराची ओळ विचारा. १,८०,००० च्या मूळ रकमेवर हा फरक जवळजवळ ९,००० चा आहे.

आणि कोटेशनमध्ये "अनुदान वजा जाता रक्कम" असा एकच आकडा कोणी दिला तर घेऊ नका. पूर्ण किंमत तुम्ही देता, अनुदान सरकार तुमच्या खात्यात टाकतं. "अनुदान आम्ही घेतो, तुम्ही फक्त उरलेले द्या" यात खातं कोणाचं जोडलं जातंय ते तुम्हाला कळायला मार्ग नसतो.

---

शेजारधर्म

थोडं बाजूचं, पण "लवकर" या मुद्द्यावर महत्त्वाचं. गावात ज्यांचा वापर महिन्याला १०० युनिटच्या आत आहे त्यांच्यासाठी राज्याची वेगळी योजना आहे, स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप, सगळे "स्मार्ट" म्हणतात. १ किलोवॅटपुरती. केंद्राचे ३०,००० आहेतच, त्यावर राज्य दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५,०००, इतरांना १०,००० घालतं. ५०,००० खर्च धरला तर ग्राहकाला अनुक्रमे २,५००, ५,००० आणि १०,००० भरावे लागतात.

इथे मात्र आधी येईल त्याला आधी. ५ लाख ग्राहकांपुरतीच आहे. आणि अट अशी की ठरवलेल्या वर्षभरात एकाही महिन्यात वापर १०० च्या वर गेलेला नसावा. मे महिन्यात लग्नघर होतं म्हणून १०४ झाले की गेलं. कृष्णाकाठ, तुमचं घर यात बसत नाही, पण भावकीत कोणी असेल तर त्यांची १२ महिन्यांची बिलं काढून बघा.

---

डीसी_साइड

भावाच्या घराबद्दल कोणी बोललं नाही, आणि खरी घाई तिथे आहे. अर्जाची नाही, स्लॅबची.

अर्ज त्याला आज करताच येत नाही. बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर सूर्यघरचा अर्ज चालत नाही, कायमस्वरूपी घरगुती जोडणी हवी. ती त्याच्याच नावाने घ्यायची, आधारवर आहे तशी. ती मिळाली की सूर्यघरचा अर्ज टाकता येतो. वर्षभराच्या वापराची बिलं हवीत अशी अट नाही.

पण स्लॅब पडायच्या आधी एवढं करून ठेवलं तर नंतरची तोडफोड वाचते.

पायांसाठी पेडेस्टल. ६ पॅनलच्या स्ट्रक्चरला ६ किंवा ८ पाय येतात. वेंडर ठरला नसला तरी १ × १ × १ फुटाचे ठोकळे स्लॅबच्या सळईला पकडून ओतून घेता येतात, वर बोल्टची प्लेट नंतर केमिकल अँकरने बसते. पाय नेमके कुठे येतील ते माहीत नसेल तर ठोकळ्यांऐवजी दोन ओळींत सलग १ फूट रुंद पट्टे ओतावे, मग पाय कुठेही बसवता येतो. तयार वॉटरप्रूफिंगला भोक पाडून फास्टनर ठोकला की गळती तिथूनच सुरू होते, आणि तीन पावसाळ्यांनी कोण जबाबदार यावर वेंडर आणि ठेकेदार एकमेकांकडे बोट दाखवतात.

पाइप. गच्चीवरून मीटरपेटीपर्यंत भिंतीत दोन वेगळे पाइप सोडा, ३२ मिलिमीटरचा एक इन्व्हर्टरच्या वायरींना, एक अर्थिंगला. इन्व्हर्टर खाली जिन्यापाशी लावणार असाल तर डीसी केबल (४ चौरस मिलिमीटर, सोलर ग्रेड) स्वतंत्र पाइपात. एसीच्या वायरींसोबत एकत्र ओढू नका. बेंड मोठ्या वळणाचे घाला. काटकोनी एल्बो असले की केबल ओढताना साल निघते, आणि डीसीचा फॉल्ट एसीसारखा लगेच ट्रिप होत नाही, ठिणगी चालूच राहते.

अर्थिंग. तीन खड्डे: एक डीसी आणि स्ट्रक्चरला, एक एसीला, एक वीजरोधकाला (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याला). अंगणात फरशी किंवा पेव्हर ब्लॉक घालायच्या आधी. रोध ५ ओहमच्या आत हवा. मुरमाड जमिनीत पहिल्या इलेक्ट्रोडला तो मिळत नाही, म्हणून खड्ड्यांत ३ मीटर अंतर सोडून वाढवायला जागा ठेवा.

आणि टाकी उत्तरेला. आर्किटेक्टला आजच फोन करा.

---

गच्चीवाली

हा धागा वाचणाऱ्या फ्लॅटवाल्यांसाठी: सोसायटीला सामाईक वापरासाठी (लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे, गाड्यांचं चार्जिंग) किलोवॅटला सरसकट १८,०००, प्रति घर ३ किलोवॅट या हिशोबाने ५०० किलोवॅटपर्यंत. अर्ज सोसायटीच्या सामाईक मीटरच्या ग्राहक क्रमांकावर. सर्वसाधारण सभेचा ठराव आधी लिहून घ्या. एकेकट्या सभासदाला गच्चीवर स्वतःचं बसवायचं असेल तर सोसायटीचं लेखी ना हरकत पत्र लागतं, आणि त्यात कोणता कोपरा, किती चौरस फूट हे लिहिलेलं असावं. "हरकत नाही" एवढ्या एका ओळीवर पुढे भांडणं होतात.

डीसी_साइड, एक विचारते. गावात दिवसा भारनियमन किंवा बिघाड असेल तर पॅनल असूनही घरात वीज नसते ना?

---

डीसी_साइड

बरोबर, नसते. ऑनग्रिड इन्व्हर्टर लाइन गेली की बंद होतो, तो बंद व्हायलाच हवा. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसेल. बॅटरीसह चालणारा हायब्रिड घेता येतो, पॅनलचं अनुदान तेवढंच राहतं, बॅटरीला मात्र काही मिळत नाही. ३ किलोवॅटला बॅटरीसकट खर्च बराच वाढतो. घरात आधीच जुना इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर तो तसाच चालू ठेवा.

गावातला दुसरा त्रास उलटा आहे, व्होल्टेज जास्त असण्याचा. डीपीजवळच्या घरांत दुपारी लोड नसतो तेव्हा २५० च्या वर जातं. त्यात तुमचा इन्व्हर्टर वीज बाहेर ढकलतो म्हणजे आणखी चढतं, आणि मर्यादा ओलांडली की तो स्वतःहून बंद होतो. ऐन उन्हात उत्पादन शून्य, संध्याकाळी सगळं ठीक, त्यामुळे पटकन ध्यानात येत नाही. काम ठरवण्याआधी आठवडाभर दुपारी १ ला मीटरपाशी व्होल्टेज बघा. सतत २५० च्या वर असेल तर सेक्शन ऑफिसला लेखी द्या, रोहित्राचा टॅप बदलून मिळतो. घरातली मीटर ते इन्व्हर्टर वायर बारीक असेल तर तीही भर घालते. ३ किलोवॅटला ती ६ चौरस मिलिमीटर तांब्याची टाका.

पॅनल आले की गच्चीवर चढवण्याआधी प्रत्येकाच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढा. अनुक्रमांक पोर्टलवर भरतात. ६ पैकी एक जरी नंबर चुकला, किंवा दुसऱ्याच ग्राहकाच्या नावावर आधीच भरलेला निघाला, तर फाइल तिथेच थांबते. स्ट्रक्चरवर आवळल्यावर मागचा स्टिकर वाचायला झोपून मोबाइल आत घालावा लागतो. डीसीआरचं प्रमाणपत्र अनुक्रमांकांसहित मागा, नुसतं कंपनीचं पत्रक नको.

स्ट्रक्चर गॅल्व्हनाइज्ड, ८० मायक्रॉन. रंग मारलेला लोखंडी अँगल दिसला तर परत पाठवा. काप आणि वेल्डिंग गच्चीवर करत असतील तर तिथलं गॅल्व्हनायझिंग जळतं आणि गंज तिथून धरतो. सगळे जोड नटबोल्टचे हवेत.

---

सहीशिक्का

शेवटच्या टप्प्यावर लोक ढिले पडतात म्हणून लिहितो. नेट मीटर बसवायला माणूस येईल त्या दिवशी जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि नव्या मीटरची आयात-निर्यात दोन्ही सुरुवातीची रीडिंग फोटोत घ्या. पहिल्या बिलात निर्यातीचा रकाना रिकामा असेल तर याच फोटोवर दुरुस्ती मागता येते. मीटरचे वेगळे पैसे वेंडरने मागितले तर आधी उपविभागात विचारा, मग द्या.

तपासणी होऊन पोर्टलवर कमिशनिंगचं (यंत्रणा रीतसर सुरू झाल्याचं) प्रमाणपत्र दिसलं की अनुदान आपोआप येत नाही. बँक तपशील भरून, रद्द केलेला धनादेश जोडून, मागणी तुम्हालाच सादर करायची असते. "वेंडरने केलं असेल" म्हणून महिनोन् महिने तशाच पडलेल्या फायली आहेत. खातं आईचं, चालू असलेलं, केवायसी झालेलं. जनधनचं छोटं खातं असेल तर त्यात जमेची मर्यादा असते, ७८,००० तिथे अडकू शकतात. आधी शाखेत जाऊन ते साध्या बचत खात्यात बदलून घ्या. बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी बदलले आहेत, जुन्या धनादेशावरचा कोड तपासा. सगळं बरोबर असेल तर ३० दिवसांत जमा व्हायला हवं.

नाव बदलाचा अर्ज मात्र याच आठवड्यात टाका. वारसांपैकी कोणी बाहेरगावी असेल तर संमतीपत्राची सही आधी मागवा, बाकीचे कागद एका दिवसात गोळा होतात.

---

कृष्णाकाठ

बहीण नाशिकला असते, तिला संमतीपत्राचा नमुना आजच पाठवतो. भावाच्या आर्किटेक्टशी बोललो, टाकी उत्तरेला घेता येईल म्हणाला, पण पाइपचा मार्ग वाढतो. पेडेस्टलचे पट्टे पूर्व-पश्चिम घालायचे ना? आणि दोन पट्ट्यांत अंतर किती?

---

डीसी_साइड

हो, पूर्व-पश्चिम, म्हणजे पॅनलची तोंडं दक्षिणेला येतात. ६ पॅनल उभे एका ओळीत लावले तर लांबी ७ मीटर. पट्टे साडेसात मीटर घ्या. पॅनलची उंची २.२८, उतार १५ ते १८ अंश, म्हणून मधोमध ते मधोमध दीड मीटर अंतर पुरतं, पुढे-मागे थोडं पॅनल लोंबतं तेच बरं. पट्ट्यांखालून पाणी जायला प्रत्येक दोन मीटरवर ३ इंची पाइपचा तुकडा आडवा टाकून मगच काँक्रीट ओता, नाहीतर मधे तळं साचेल.